कावळा डावीकडे, घोडा उजवीकडे: रचनेत प्राण्यांचे आवाज कसे बसवता?

कोमलनिषाद (धागाकर्ता)

मंडळी, दोन महिने एका वाद्यरचनेच्या मागे लागलोय. साडेचार मिनिटं, शब्द नाहीत, पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. पियानो, बासरी, चेलो आणि थोडं तालवाद्य, सगळं काँप्युटरवर. दिवसाची वेळ कळावी म्हणून प्राणी घातलेत. पहाटे कोंबडा आणि चिमण्या, मग कावळा, दुपारी घोडा, संध्याकाळी बेडूक, शेवटी रातकिडे.

स्टिरिओचा मला भारी सोस, त्यामुळे कुणालाच एका जागी बसू दिलेलं नाही. चिमण्या डावीकडून उजवीकडे जातात, बेडूक ठोक्यागणिक एकदा या कानात एकदा त्या कानात, आणि घोडा आठ बारांत (एक बार चार ठोक्यांचा) डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. टेंपो ९०.

तिघांना ऐकवलं. पहिला हसला. (हसायची रचना नाहीये ती.) दुसरीने हेडफोन काढून ठेवले, म्हणाली गरगरतंय. तिसऱ्याने फोनवर ऐकलं आणि विचारलं, "कावळा कुठाय?" फोनवर कावळा खरंच नाही! बाकी सगळे आहेत. माझ्या स्पीकरवर मात्र तोच सगळ्यात झकास, पार भिंतीपलीकडून आल्यासारखा ऐकू येतो.

तर प्रश्न असे. प्राणी घातले की रचना बालगीतासारखी का वाटायला लागते? पॅनिंग, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे ठेवणं, किती करायचं? आणि कावळ्याचा तपास कुणाला लागला तर उपकार होतील.

टिवल्याबावल्या

चिमणी उड, कावळा उड, घोडा उड... तुम्ही घोड्यालाही उडवलंत, हरलात.

बेसूर

कावळ्याचं सोपं आहे. फोनचा स्पीकर इवलासा, खालचे स्वर त्याला झेपत नाहीत. कावळ्याचा आवाज जाड असतो, म्हणून गेला.

मंद्रसप्तक

@बेसूर, कावळा जाड वाटतो तो खरखरीमुळे. त्याच्या आवाजाचा मोठा भाग १००० ते २००० हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि फोनचा स्पीकर नेमका तिथेच शेर असतो. चेलो ऐकू येतो आणि कावळा नाही, असं त्यामुळे होणार नाही.

आता हसण्याबद्दल. माझा अंदाज सांगतो, रचना न ऐकताच. तुम्ही प्राण्याला बोलवता ते वाद्यं गप्प झाल्यावर. बासरीची ओळ संपली, क्षणभर शांतता, आणि "काव". बरोबर? नाटकात विनोदाची जागा अशीच साधतात. वाक्य संपतं, थांबा घेतात, मग टोला. ऐकणारा हसतो तो कावळ्याला नाही, त्या जागेला. तोच कावळा बासरीच्या ओळीच्या मध्यात, तिच्याखाली अर्धवट दबलेला ठेवून बघा. कुणी हसणार नाही, आणि कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण सकाळ झाल्याचं मात्र कळेल.

दुसरं म्हणजे सॅम्पल, म्हणजे आयता रेकॉर्ड केलेला तुकडा, एकदम कोरडं असतं. प्राणी मायक्रोफोनसमोर, खोलीचा वा रानाचा काही अंश नाही. पियानो मोठ्या सभागृहात वाजतोय आणि कोंबडा थेट तुमच्या खांद्यावर. मग कार्टून वाटणारच.

कोमलनिषाद (धागाकर्ता)

@मंद्रसप्तक, तुम्ही माझ्या काँप्युटरवर पाळत ठेवलीय का? सगळे प्राणी ओळीच्या शेवटीच आहेत. मला वाटलं, वाद्यांना अडथळा नको.

आजीबाई_वेव्ह

प्राण्यांचा आणि संगीताचा संबंध जुनाच आहे की. नारदीय शिक्षेत सात स्वर सात प्राण्यांना वाटून दिलेत. मोर षड्जात बोलतो, गाय-बैल ऋषभात, शेळ्या-मेंढ्या गांधारात, क्रौंच मध्यमात, वसंतातला कोकीळ पंचमात, घोडा धैवतात आणि हत्ती निषादात. पुढच्या काही ग्रंथांत ऋषभ चातकाकडे गेला आणि धैवत बेडकाकडे.

म्हणजे धागाकर्त्याकडे घोडाही आहे आणि बेडूकही. धैवतावरून भांडण होणार.

टिवल्याबावल्या

आणि धागाकर्त्याचं नाव कोमलनिषाद, म्हणजे हत्ती, तोही कोमल.

खर्जातला

आजींचा प्रतिसाद वाचून गंमत म्हणून घोड्याचं एक सॅम्पल स्वर शोधणाऱ्या प्लगिनमध्ये (प्रोग्रामला जोडायच्या छोट्या जोडणीत) टाकलं. आकडा नुसता नाचत होता. वरून सुरू होतं आणि थरथरत घसरत खाली येतं. शिवाय खिंकाळण्यात दोन मूळ सूर एकाच वेळी असतात, एक खालचा आणि एक बराच वरचा, आणि त्यांचा एकमेकांशी साधा हिशेब जुळत नाही. बिचारं प्लगिन गोंधळणारच. धैवत मिळाला नाही, मींड मात्र भरपूर मिळाली.

यातून एक कामाची गोष्ट मात्र हाती आली. प्राण्याचा आवाज सुरात आणायचाच असेल तर कोकीळ, घुबड, बेडकांच्या काही जाती असे स्थिर सुराचे निवडा. भुंकणं, खिंकाळणं, काव हे सॅम्पलरमध्ये कीबोर्डभर ताणलं की खेळण्यातला आवाज होतो. चार-पाच सेमीटोनांच्या (अर्ध्या स्वरांच्या) पलीकडे कुत्र्याचं पिल्लू होतं, नाहीतर राक्षस.

केबलवाला

कावळ्याकडे वळू. माझा पहिला संशय पॅनिंगवर होता, पण हिशेब बसत नाही. बघा कसं ते.

आवाज मध्यभागी ठेवला की तो दोन्ही स्पीकरमधून येतो, म्हणून खोलीत मोठा वाटतो. तो फरक घालवायला बहुतेक प्रोग्राम मध्यावर ३ डेसिबल कमी करतात. याला पॅन लॉ म्हणतात. काही ठिकाणी साडेचार किंवा ६ ही असतो. आता एकाच स्पीकरच्या फोनवर डावं-उजवं एकत्र होतं, म्हणजे मोनो. ३ डेसिबलच्या हिशेबाने, टोकाला ठेवलेला आवाज मोनोमध्ये मधल्या आवाजाच्या तुलनेत ३ डेसिबल मागे पडतो. म्हणजे चिमण्या थोड्या दबतील. पण ३ डेसिबलमध्ये अख्खा कावळा मरत नाही.

म्हणून प्रश्न: कावळ्याच्या ट्रॅकवर कोणकोणती प्लगिनं आहेत? सगळी सांगा, लाजू नका.

अर्धवट

एक मूलभूत शंका. सॅम्पल मुळातच स्टिरिओत रेकॉर्ड केलेलं असेल तर पॅनचं बटण नेमकं करतं काय? मी एकदा पक्ष्यांचं स्टिरिओ रेकॉर्डिंग पूर्ण डावीकडे फिरवलं आणि अर्धे पक्षी गायब.

केबलवाला

@अर्धवट, ते पॅन नव्हतंच, बॅलन्स होता. स्टिरिओ ट्रॅकवर बऱ्याच प्रोग्राममध्ये ते बटण फक्त एका बाजूचा आवाज कमी करत नेतं. पूर्ण डावीकडे नेलं की उजव्या वाहिनीतलं सगळं फेकलं जातं. तुमचे अर्धे पक्षी उजवीकडे होते, ते मेले.

रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामांपैकी रीपरमध्ये पॅनच्या बटणावर राइट क्लिक करून स्टिरिओ पॅन किंवा ड्युअल पॅन निवडता येतो, लॉजिकमध्ये बॅलन्सऐवजी स्टिरिओ पॅन घेता येतो, एबल्टनमध्येही डाव्या-उजव्याचं वेगळं पॅन करता येतं. नाहीतर सरळ मोनो करा आणि मग हवा तिथे ठेवा. एकट्यादुकट्या प्राण्याला मोनोच बरा. स्टिरिओ ठेवायचा तो रान, थवा, पाऊस अशा पसरलेल्या गोष्टींना.

कोमलनिषाद (धागाकर्ता)

@केबलवाला, कावळ्यावर तीन आहेत. एक ईक्यू (जाड-बारीक कमीजास्त करणारं), एक रिव्हर्ब (घुमारा देणारं, जेमतेम), आणि एक आवाज रुंद करणारं फुकट प्लगिन. त्यातला सगळ्यात रुंद प्रीसेट (आयती मांडणी) लावला आहे. सॅम्पल मोनो होतं, ते एकदम पसरलं म्हणून खूश होतो.

केबलवाला

सापडला!

तो प्रीसेट बहुधा असं करतो: आवाजाची एक प्रत डावीकडे सरळ आणि एक उजवीकडे उलटी. उलटी म्हणजे मागे-पुढे नव्हे. लाट वर जाते तिथे खाली. समोर दोन स्पीकर असताना मेंदूला जागा कळत नाही, म्हणून आवाज "भिंतीपलीकडून" आल्यासारखा वाटतो. फोनने दोन्ही एकत्र केले की अधिक पाच वजा पाच. शून्य. कावळा उडाला नाही, त्याची त्याच्याशीच वजाबाकी झाली.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, मोनोचं बटण शोधा आणि दाबा. काँप्युटरवरही कावळा गायब झाला तर हेच कारण.

कोमलनिषाद (धागाकर्ता)

दाबलं. गायब. प्लगिन बंद केलं. काव काव काव. साष्टांग नमस्कार घ्या.

बेसूर

माझा स्पीकरचा सिद्धांत मागे घेतो. पण रुंद करायची तीच एक रीत थोडीच आहे? मी एका बाजूला १०-१५ मिलिसेकंद उशीर देतो, मस्त पसरतं.

केबलवाला

तो हासचा परिणाम. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला. जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेकडून सगळा आला असं कानाला वाटतं. मागून येणारा वेगळा ऐकू येत नाही, नुसता भरीव करतो. स्पीकरवर छान. पण मोनोत तिथेही गडबड आहे, फक्त कमी. १० मिलिसेकंद उशीर दिला तर एकत्र झाल्यावर ५०, १५०, २५० हर्ट्‌झ अशा दर शंभरावर खाचा पडतात. आवाज पूर्ण जात नाही, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. खरखरीत कावळ्याला चालून जाईल, चेलोला नाही. आणि उशीर ४०-५० मिलिसेकंदांवर नेलात तर कावळे दोन होतील.

रातकिडा

(नावामुळे या धाग्यावर बोलणं कर्तव्यच आहे.)

सगळे किती पॅन करायचं ते बोलताय. कशाला पॅन करायचं हा प्रश्न आधी यायला हवा, कारण सगळेच आवाज पॅनला दाद देत नाहीत.

कान दिशा ओळखतो ती मुख्यतः दोन गोष्टींवरून. एक, आवाज कुठल्या कानाला आधी पोचला. हा फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतबाहेर, डोकं तेवढंच असतं ना. दोन, कुठल्या कानात मोठा आहे. साधारण १५०० हर्ट्‌झच्या खाली पहिल्याचं राज्य, वर दुसऱ्याचं. लॉर्ड रॅले यांनी हे १९०७ मध्ये मांडलं. पॅनचं बटण बहुतेक वेळा फक्त लहान-मोठं करतं, वेळेला हात लावत नाही.

म्हणून मोठा, घुमणारा, सुरुवात नसलेला आवाज तुम्ही कितीही फिरवा, तो "तिथे आहे" असं वाटत नाही. ज्याला टोक आहे, म्हणजे टकटक, टाप, कट्‌कट्‌, तो लगेच जागेवर बसतो. प्राण्यांना हे आपल्याआधी कळलंय. ससाणा दिसला की बरेच लहान पक्षी बारीक, उंच, हळू सुरू होऊन हळू संपणारी एकसुरी शीळ घालतात. ती कुठून आली हे ससाण्याला नीट सापडत नाही. तेच पक्षी बसलेल्या घुबडाला हाकलायला एकत्र जमतात तेव्हा तुटक, खरखरीत कटकट करतात, म्हणजे इतरांना नेमकी जागा कळावी. सापडायचं नसेल तर शीळ, सापडायचं असेल तर कटकट. पॅनिंगचा अख्खा धडा आहे यात.

रातकिड्याला रात्री शोधायला गेलात तर हेच होतं. त्याची किर्र बहुधा ४-५ हजार हर्ट्‌झच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सूर. तो सगळीकडून येतो. त्याला एका कोपऱ्यात ठेवून फिरवणं म्हणजे हेडफोनवाल्याच्या कानात सुई. तुमच्या मैत्रिणीला गरगरलं ते रातकिड्यांमुळे असेल असं वाटतं. त्यांना पसरलेल्या स्टिरिओत, खाली, स्थिर ठेवा.

निःशब्द

वरचा प्रतिसाद साठवून ठेवतोय.

टिवल्याबावल्या

@रातकिडा, म्हणजे घरात किर्र करणारा एकच असतो आणि आपण सगळं सामान हलवतो, त्याला शास्त्रीय कारण आहे तर.

धिनधा

घोड्याचा हिशेब केला, कारण झोप येत नव्हती.

टेंपो ९०, आठ बार, म्हणजे ३२ ठोके, म्हणजे २१ सेकंद आणि वर थोडं. दौडणारा घोडा सेकंदाला १० मीटर धरू, ताशी ३६ किलोमीटर. तेवढ्यात तो २०० मीटरांच्या वर गेला. हे ठीक. आता स्पीकर नेहमीसारखे ठेवले तर ते तुमच्यापासून डावीउजवीकडे ३०-३० अंशांवर येतात. घोडा तुमच्यासमोर ५ मीटरवरून जातोय समजा. डाव्या स्पीकरच्या रेषेपासून उजव्याच्या रेषेपर्यंत अंतर पावणेसहा मीटर. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त!

खरा घोडा बराच वेळ डाव्या टोकालाच असतो आणि नुसता मोठा होत जातो. मग एका श्वासात समोरून निघतो आणि उजव्या टोकाला पोचून लहान होत जातो. तुमचा घोडा २१ सेकंद एकाच गतीने सरकतोय. तो दौडत नाहीये, कुणीतरी त्याला सरकत्या पट्ट्यावर उभा केलाय.

तेव्हा ऑटोमेशनची (बटण आपोआप फिरवणारी) तिरकी सरळ रेघ पुसा. पॅनची रेघ बराच वेळ सपाट, मध्ये जिना, पुन्हा सपाट. आणि खरं काम आवाजाच्या पातळीला करू द्या. अंतर निम्मं झालं की उघड्या जागेत ६ डेसिबल वाढतात. लांबच्या घोड्याच्या आवाजातला बारीक, वरचा भागही थोडा कापा. हळूच सरकणारा घोडा हवाच असेल तर त्याला दूर न्या. ३० मीटरवरचा घोडा स्पीकर ते स्पीकर साडेतीन सेकंद घेतो.

अर्धवट

डॉप्लर विसरलात का? जाणाऱ्याचा सूर उतरतो.

धिनधा

नाही विसरलो. १० मीटरच्या वेगाला येतानाच्या आणि जातानाच्या सुरांचं गुणोत्तर ३५३ भागिले ३३३ (ध्वनीचा वेग ३४३ धरून). येतं १.०६. बरोब्बर एक सेमीटोन! पण टापांना सूरच नाही, तेव्हा उतरणार काय? खिंकाळला तर दिसेल, आणि खर्जातला म्हणतात तसा तो आधीच घसरत असतो. म्हणून डॉप्लरचं प्लगिन लावायचा मोह टाळा.

डासालाही लावतात काही जण. डास सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर जातो, सुरात फरक पाच सेंट (सेमीटोनाचे शंभर सेंट). कानाजवळून जाताना जो फरक कळतो तो पातळीचा.

बेसूर

घोड्यासाठी २०० मीटर मोजणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. 

पडद्यामागे

हे सगळं वाचून मला जरा उलट बोलावंसं वाटतंय. रचना म्हणजे वन्यजीवांवरचा माहितीपट नाही. घोडा खरा वाटलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? ठोक्यागणिक इकडून तिकडे उडी मारणारा बेडूक मला ऐकायला आवडेल. तो तेव्हा बेडूक नसून तालवाद्य आहे, आणि तालवाद्याने काय वाटेल ते करावं. सुतार पक्षी झाडावर सेकंदाला १०-१५ टोले सहज मारतो. १२० टेंपोला सोळाव्या मात्रा सेकंदाला ८ होतात, बत्तिसाव्या १६. म्हणजे तो आयता रोल आहे. त्याला चोचीच्या जागी ठेवायचं की हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजांच्या), हे मी ठरवणार.

आणि खरेपणा सोडल्यावरच मजेदार गोष्टी झाल्यात. एइनोयुहानी राउताव्हारा या फिनलंडच्या संगीतकाराने १९७२ मध्ये पक्ष्यांच्या टेपा आणि वाद्यवृंद यांची रचना केली. मधल्या भागात एका चंडोलाचा आवाज दोन सप्तकं खाली उतरवलाय. तो चंडोल राहिलेला नाही, भूत झालाय. कुणी हसत नाही त्याला. त्याच्याही आधी, १९२४ मध्ये, इटलीच्या रेस्पीगीने वाद्यवृंदात चक्क नाइटिंगेल पक्ष्याची तबकडी वाजवायला लावली. तिथे नाइटिंगेल नाइटिंगेलच आहे. दोन्ही चालतं. चालत नाही ते मधलं. अर्धा खरा, अर्धा खेळण्यातला.

मंद्रसप्तक

@पडद्यामागे, शेवटच्या दोन वाक्यांना पूर्ण अनुमोदन. फक्त चोचीच्या जागी हाय-हॅट ठेवू नका, पक्षी चिडेल.

धागाकर्त्याच्या रचनेत हीच सरमिसळ आहे. चिमण्या वातावरण म्हणून, बेडूक वाद्य म्हणून, घोडा पात्र म्हणून. तिघांना तीन कायदे लागतात आणि तुम्ही एकच लावलाय: फिरवा.

आजीबाई_वेव्ह

बीटल्सचं आठवलं. १९६७ च्या एका गाण्याच्या शेवटी त्यांनी प्राण्यांची रांगच लावली आहे, आणि क्रम असा की पुढचा प्राणी आधीच्याला खाऊ शकेल किंवा निदान घाबरवू शकेल. कान देऊन ऐकलं की पाठलाग कळतो. शेवटी कोंबडीचा आवाज गिटारच्या स्वरात असा मिसळतो की पुढचं गाणं सुरू झालेलं कळत नाही. तिथे फिरणं आहे, पण त्याला कारण आहे. कुणीतरी कुणाच्या मागे लागलंय.

टिवल्याबावल्या

कोंबडा, चिमणी, कावळा, घोडा, बेडूक, रातकिडा. बेडूक रातकिडा खातो एवढंच जमतंय. घोडा कावळ्याला खात नाही, माझ्या माहितीप्रमाणे.

निःशब्द

सॅम्पल कुठून घेता तुम्ही सगळे? 

खर्जातला

फ्रीसाउंड आणि झेनो-कँटो या साइटींवरून. पण प्रत्येक फाइलीचा परवाना वाचा. झेनो-कँटोवर बऱ्याच फाइलींना व्यावसायिक वापर चालत नाही, काहींमध्ये बदल करायलाही मनाई आहे. म्हणजे सूर उतरवला, तुकडे केले की नियम मोडला. फ्रीसाउंडवर सीसी-शून्य (सगळे हक्क सोडलेला परवाना) असलेल्या घेतल्या तर डोक्याला ताप नाही, नाहीतर नाव देणं आलं. मी एकदा पूर्ण रचना झाल्यावर पाहिलं की मुख्य पक्ष्याला व्यावसायिक मनाई. पक्षी बदलला तर बासरी पण बदलावी लागली, कारण ती त्याला उत्तर देत होती.

त्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा. साधा हातातला रेकॉर्डरही पुरतो. फक्त वाऱ्यासाठी केसाळ टोपी घाला. मायक्रोफोनला, स्वतःला नव्हे.

बेसूर

किंवा जनरल मिडीतला, म्हणजे काँप्युटर-संगीताच्या ठरीव आवाजांच्या यादीतला, १२४ क्रमांक. बर्ड ट्वीट! १९९१ पासून सगळ्यांचा तोच पक्षी. त्याच्यापुढे कसला परवाना न् कसलं काय.

केबलवाला

तो पक्षी ऐकला की समोर जुनं साउंड कार्ड उभं राहतं. आणि १२६ वर हेलिकॉप्टर. एका आकड्याची चूक झाली, तर पहाटे टेलिफोन वाजतो (१२५).

मिडीवरून आठवलं. मिडीत पॅन हा १० क्रमांकाचा कंट्रोलर, ० ते १२७, मध्य ६४. ऑटोमेशनचा जिना काढताना मध्ये थोड्याच नोंदी टाकल्यात तर आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी जाईल. घोड्याला चालेल. चिमण्यांना ऑडिओ ट्रॅकवर ऑटोमेट करा.

रातकिडा

रिव्हर्बबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. प्राणी डावीकडे ठेवलात आणि रिव्हर्ब त्याच ट्रॅकवर थेट (इन्सर्ट) लावलात, पॅनच्या आधी, तर सगळी खोलीच डावीकडे सरकते. सेंडवर, म्हणजे आवाजाची प्रत पाठवता येणाऱ्या वेगळ्या वाटेवर, ठेवा. कोरडा आवाज डावीकडे, त्याचा घुमारा दोन्हीकडे. आणि पियानोला जो रिव्हर्ब आहे त्याच्यातच कोंबड्याचा थोडा हिस्सा पाठवा. मंद्रसप्तकांनी सांगितलेला खांद्यावरचा कोंबडा तिथेच उतरतो. लांबचा प्राणी हवा तर कोरडा कमी, घुमारा जास्त. पॅनच्या बटणात हे लांब-जवळ नसतंच, आणि खोलपणा तिथून येतो.

अर्धवट

हेडफोनवर मागून आवाज आणता येतो का? भुंकणारं कुत्रं मागे हवंय मला. साध्या पॅनने जात नाही.

रातकिडा

साध्या पॅनने नाहीच जाणार. बायनॉरल पॅनर लागतो, जो कानाच्या पाळीमुळे आणि डोक्यामुळे आवाजात होणारे बदल नकलतो. पण प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून पुष्कळांना मागचं पुढे आणि पुढचं मागे वाटतं. खऱ्या आयुष्यात आपण मान हलवून ही शंका सोडवतो, हेडफोनमध्ये मानेबरोबर कुत्रंही फिरतं. स्पीकरवर तर तो खेळ बहुधा मोडतोच.

पडद्यामागे

कुत्रं मागे आहे हे सांगायला आवाज मागे न्यायलाच हवा असं नाही. वाद्यं एकदम थांबवा आणि मग भुंकवा. मान आपोआप मागे वळते.

मंद्रसप्तक

थांबवून प्राणी आणणं हीच ती विनोदाची जागा, असं मी वर म्हणालो होतो. आता तुम्ही तिचाच भीतीसाठी वापर करताय. आणि पटतंय. म्हणजे जागा विनोदाची नव्हे, लक्ष वेधण्याची. तिथे काय ठेवता त्यावर पुढचं. माझं वरचं वाक्य जरा जास्तच ठाम होतं.

कोमलनिषाद (धागाकर्ता)

चार दिवस हेच करत होतो. काय काय झालं ते सांगतो.

कावळा: मोनो, थोडा डावीकडे, बासरीच्या ओळीखाली. फोनवरही आहे. रुंद करणारं प्लगिन उडवलं.

चिमण्या: फिरणं बंद. एका स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये आपापल्या जागी चिवचिवतात. त्यांना पियानोच्या रिव्हर्बमध्ये पाठवल्यावर अचानक सगळं एका ठिकाणी घडतंय असं वाटायला लागलं. दोन महिन्यांत हे सुचलं नव्हतं.

बेडूक: पडद्यामागेंचं ऐकलं. उड्या ठेवल्या, पण टोकापासून टोकापर्यंत नाही, मध्यापासून जरा इकडे जरा तिकडे. आणि त्याला पूर्ण तालवाद्य केलं, तबल्याच्या बायाच्या जागी. फार गोड लागतोय.

रातकिडे: पसरलेले, स्थिर, खाली. मैत्रिणीने शेवटपर्यंत हेडफोन ठेवले.

कोंबडा: हाच अडकला. काही केलं तरी हसू येतं. ओळीच्या मध्ये ठेवला, लांब नेला, घुमारा दिला. कोंबडा कोंबडाच राहतो. सध्या इतका लांब नेलाय की कुणाला ऐकू येत नाही, फक्त मला माहीत आहे तो आहे.

टिवल्याबावल्या

म्हणजे कोंबडा झाकला तरी पहाट झाली. 

धिनधा

घोड्याचं काय केलंत? मी त्याच्यासाठी रात्र जागलो होतो.

कोमलनिषाद (धागाकर्ता)

@धिनधा, तुमचा जिना काढला. एका श्वासात समोरून गेला, अंगावर काटा आला. मग लक्षात आलं की दुपार त्या अर्ध्या सेकंदात संपते आणि पुढचे आठ बार मोकळे. खिंकाळणं काढून टाकलं. टापा तेवढ्या ठेवल्यात, उजवीकडे, दूर, लहान होत जाणाऱ्या. त्यावर चेलो येतो आता. पॅन अजिबात हलत नाही.

खर्जातला

बेडकाचा परवाना पाहिलात का?

कोमलनिषाद (धागाकर्ता)

...पाहतो.